०.१ टक्क्याची भिंत

इलेक्ट्रिक गाड्यांसाठी सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या माणसाला खाणींशी काय देणंघेणं? मलाही वाटायचं की काही नाही. पण पेट्रोलच्या गाडीपेक्षा इलेक्ट्रिक गाडीत साधारण तिप्पट तांबं लागतं. ते येणार कुठून, हे शोधताना मला 'अमेरिकन सायंटिस्ट'मधला १९७६ चा एक लेख सापडला. मथळ्यातच प्रश्न होता: पुढे दुसरं लोहयुग येणार का? लेखक होता ब्रायन स्किनर, येल विद्यापीठातला भूवैज्ञानिक.

स्किनरचा जन्म १९२८ चा, दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या वॉलरूचा. हे गाव तांब्यावरच उभं राहिलेलं. १८५९ च्या सुमारास तिथे तांबं सापडलं, इंग्लंडच्या कॉर्नवॉलमधून खाणकामगार आले, धातू वितळवायची मोठी भट्टी उभी राहिली. १९२३ मध्ये सगळं बंद पडलं. म्हणजे स्किनर जन्मला तेव्हा तांब्याचा काळ संपून पाच वर्षं झाली होती. पुढे अॅडलेडला शिक्षण, हार्वर्डमध्ये पीएचडी, अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणात नोकरी आणि १९६६ पासून येल. 'इकॉनॉमिक जिऑलॉजी' हे १९०५ पासून निघणारं या विषयाचं मुख्य नियतकालिक. त्याचं संपादन त्याने पाव शतकाहून जास्त काळ केलं. जगभरच्या खाणींवरचं संशोधन आधी त्याच्या टेबलावर यायचं. त्यामुळे या माणसाने 'जरा थांबा' म्हणावं, याला वजन आहे.

त्याचं म्हणणं समजायला आधी उलट बाजू बघू. १८९९ मध्ये डॅनियल जॅकलिंग या इंजिनिअरने अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या बिंगहॅम कॅन्यनबद्दल अहवाल दिला, की अवघं २ टक्के तांबं असलेला दगडही फायद्यात खणता येईल, फक्त तो प्रचंड प्रमाणात खणायचा. लोकांना ते वेडेपणाचं वाटलं. १९०६ मध्ये तिथे वाफेवरची फावडी लागली आणि डोंगराच्या जागी हळूहळू खड्डा झाला. आज जगात ०.६ टक्क्याच्या आसपासचा दगडही सर्रास खणला जातो. एक टन दगडातून सहा किलो तांबं, बाकी सगळा चुरा. यावरून निघालेला आशावाद सोपा आहे: प्रत कमी होत जाईल तसा साठा वाढत जाईल, यंत्रं सुधारतील, चिंता नको.

स्किनर म्हणाला, हा उतार कायमचा नाही, मध्ये भिंत आहे. खाणीतलं तांबं बहुतेक गंधकाशी बांधलेल्या वेगळ्या खनिजात असतं. दगड दळा, पाण्यात फेस करा, खनिजाचे कण फेसाला चिकटून वर येतात. साध्या खडकात तांबं सरासरी ०.००६ टक्के, आणि त्याचं स्वतःचं खनिजच नसतं. त्याचे अणू सिलिकेटच्या जाळीत लोखंड, मॅग्नेशियमच्या जागी एकेकटे बसलेले असतात. ते कितीही दळले तरी सुटे होत नाहीत. ते खनिजच रासायनिकरीत्या फोडावं लागतं. स्किनरच्या हिशेबाने हा बदल ०.१ टक्क्याच्या आसपास होतो. त्याच्या आलेखात तिथे ऊर्जेची रेष सरळ वर उडी मारते. लोखंड, अॅल्युमिनियम, टायटॅनियमसारख्या मुबलक धातूंना ही भिंत नाही. म्हणून दुसरं लोहयुग.

आता इथे लोक ती प्रसिद्ध पैज काढतात. १९८० मध्ये पॉल एर्लिक आणि ज्युलियन सायमन यांनी तांब्यासह पाच धातूंच्या किमतींवर पैज लावली. महागाई वजा करून १९९० पर्यंत किमती उतरल्या आणि एर्लिकला ५७६.०७ डॉलरचा चेक पाठवावा लागला. मला हा युक्तिवाद लंगडा वाटतो. दहा वर्षांची किंमत बाजाराबद्दल सांगते, सिलिकेटमध्ये अडकलेल्या अणूबद्दल ती काय सांगणार? आमच्याकडेही 'सर्व्हर अजून पडला नाही' हा क्षमतेचा पुरावा मानणारे लोक असतात.

स्किनर स्वतः मात्र अर्थशास्त्रज्ञांना टाळत बसला नाही. १९८७ मध्ये टियालिंग कूपमन्स, विल्यम नॉर्डहाउस आणि रॉबर्ट गॉर्डन यांच्यासोबत त्याने एक पुस्तक लिहिलं आणि तांब्याचं उदाहरण घेऊन शंभराहून जास्त वर्षांचा हिशेब मांडला. यात पुनर्वापर होता, तांब्याऐवजी दुसरं काय चालेल हे होतं, आणि साध्या खडकातून तांबं काढण्याचा खर्चही होता. कूपमन्सला नोबेल आधीच मिळालं होतं, नॉर्डहाउसला २०१८ मध्ये मिळालं. त्या पुस्तकाच्या नावातही नवं लोहयुग आहे, आणि पुढे प्रश्नचिन्हही तसंच.

ते प्रश्नचिन्ह मला फार प्रामाणिक वाटतं. कारण भिंतीची नेमकी जागा ठरवायला खाणीच्या दर्जाच्या खालचा आणि साध्या खडकाच्या वरचा मधला पट्टा नीट मोजायला हवा. कंपन्या नफा दिसतो तिथेच ड्रिल करतात, नमुने तिथलेच घेतात. डेटावर काम करणाऱ्या कुणालाही हा घोटाळा लगेच कळेल: सँपल निवडतानाच उत्तर वगळलं गेलंय. स्किनर २०१९ मध्ये गेला. तो मधला पट्टा अजूनही विरळच मोजलेला आहे, आणि आपल्या गाड्यांची ऑर्डर मात्र देऊन झाली आहे.