गोडसे भटजी आणि आमचं जासई

आवडता लेखक कोण, असं विचारलं की आपण पुलं, जीए, नेमाडे अशी नावं घेतो. मीही घेतो. पण इतिहासाच्या बाबतीत माझं उत्तर ठरलेलं आहे : विष्णुभट गोडसे. सध्या त्यांचा 'माझा प्रवास' तिसऱ्यांदा वाचतोय.

हे गोडसे भटजी आपल्याच रायगडचे, पेण तालुक्यातल्या वरसईचे. घरावर कर्ज. उत्तरेत बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार, दक्षिणा मिळेल, असं कळलं म्हणून १८५७ साली काकांबरोबर घर सोडलं. आणि नेमके बंडात सापडले! १८५८ मध्ये इंग्रजांनी झाशीला वेढा दिला तेव्हा हे शहरातच होते. लूट पाहिली, लपून बसले, वाटेत स्वतःही लुटले गेले. परत आले ते आईवडिलांसाठी गंगेची कावड घेऊन.

गंमत बघा. हा माणूस ना शिपाई, ना सरदार, ना इतिहासकार. पण झाशी पडली तेव्हा गल्लीतल्या माणसांचं काय झालं, तिथल्या ग्रंथसंग्रहाची कशी वाट लागली, हे मराठीत आपल्याला कळतं ते त्यांच्यामुळे. सेनापतींच्या खलित्यांत तोफा किती होत्या ते सापडतं. पाण्यावाचून लपून बसलेला माणूस सापडत नाही.

त्यांनी हे लिहिलं सुमारे पंचवीस वर्षांनी, तेही चिंतामणराव वैद्यांनी सांगितलं म्हणून. पुस्तक छापून आलं १९०७ साली, भटजी गेल्यानंतर. त्यातही वैद्यांनी भाषा सारखी केली, काही भाग गाळला. काळ इंग्रजांचा होता, त्यांची अडचण समजू शकते. मूळ हस्तलिखिताबरहुकूम पुस्तक दत्तो वामन पोतदारांनी काढलं ते १९६६ मध्ये. वाचायचं तर हेच वाचा. भटजींचा खरा आवाज त्यात आहे.

आता हे सगळं आठवायचं कारण.

आपल्या जासईचा इतिहास म्हटला की दोनच गोष्टी सांगितल्या जातात. एक, दि. बा. पाटील इथले, जन्म १३ जानेवारी १९२६. दुसरी, जानेवारी १९८४ चं आंदोलन. नवी मुंबईसाठी ९५ गावांच्या जमिनी घ्यायच्या ठरल्या, १९७० साली सिडको आली, आणि भातशेती, मिठागरं कवडीमोलाने जाऊ लागली. १६ जानेवारीला दास्तान फाट्यावर आणि दुसऱ्या दिवशी नवघरला गोळीबार झाला. पाच जण हुतात्मे झाले. त्यातूनच पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली. दरवर्षी जानेवारीत हार घातले जातात, भाषणं होतात.

ते व्हायलाच हवं. पण भाषणात तारखा येतात, टक्के येतात, पुढाऱ्यांची नावं येतात. म्हणजे पुन्हा सेनापतींचे खलितेच की!

त्या सकाळी घरातून किती जण निघाले? पोरं कुणाकडे ठेवली? गोळीबार झाल्यावर बायका कुठून पळाल्या, कुणी कुणाला घरात घेतलं? गेलेल्या शेताला घरात काय नाव होतं, बांध कोण राखायचं, किती खंडी भात यायचं? भरपाईच्या पैशाचं काय झालं? लग्नं झाली, घर बांधलं, की नुसतेच उडाले? आज त्या शेतांवर कंटेनर उभे आहेत. जागा दाखवून सांगायचीही सोय उरलेली नाही.

आपल्या जिल्ह्यात याचीही परंपरा आहे. चरीच्या शेतकऱ्यांचा संप १९३३ ते १९३९ चालला, आणि त्याचे पुढारी नारायण नागू पाटील यांनी पुढे आत्मचरित्र लिहून ठेवलं. पण ते पुढारी होते. मला हवेत आपले गोडसे भटजी, म्हणजे जे नुसते तिथे होते ते.

भटजींनी लिहायला पंचवीसेक वर्षं लावली. आपल्याला चाळीस उलटली. तेव्हा विशीत असलेली माणसं आता साठी ओलांडून गेली आहेत, आणि दर पावसाळ्याआड त्यातलं कुणीतरी कमी होतंय.

म्हणून काका, आत्या, मामी, भावंडांनो, एक विनंती. लिहिता येत असेल तर दोन पानं लिहा. नसेल तर घरातल्या पोरांना मोबाईल चालू करून समोर बसवा आणि सांगा. पोरांनो, तुम्ही मात्र वैद्य होऊ नका. आजी आगरी बोलीत बोलली तर ती तशीच उतरवा, पुस्तकी करू नका. तिला साल आठवत नसेल तर टोकू नका, साल आपल्याला माहीत आहे. दोघांच्या सांगण्यात फरक पडला तरी दोन्ही ठेवा.

मला पाठवलंत तर मी टाईप करून देईन, आणि जुळवताना एक अक्षरही गाळणार नाही.