प्रस्तावनेचं पुस्तक झालं

साठी ओलांडल्यावर मी आयरिश आत्मकथनं पुन्हा वाचायला काढली. आधी हाती आली पेग सेयर्स. ग्रेट ब्लास्केट बेटावरच्या या बाईने आपलं आयुष्य मुलाला सांगितलं आणि त्याने ते लिहून घेतलं. 1936 साली पुस्तक आलं. कड्यावरून पडून गेलेला दुसरा एक मुलगा, दारिद्र्य, म्हातारपण. सगळं देवाच्या इच्छेवर सोपवलेलं. 1953 साली ते बेटही रिकामं झालं. पुढे कित्येक पिढ्यांनी पेग शाळेत सक्तीने वाचली, आणि त्या कंटाळल्या.

पेगच्या पुस्तकानंतर साठ वर्षांनी, 1996 साली, नुआला ओफेलॉनने देवाला बाजूला ठेवलं. वर्तमानपत्रातल्या आपल्या स्तंभांच्या संग्रहाला ती प्रस्तावना लिहायला बसली आणि त्या प्रस्तावनेचंच ‘आर यू समबडी?’ झालं. नऊ भावंडं, वडील नामांकित पत्रकार, आई दारू आणि पुस्तकांत बुडालेली. पुरुषांवर आणि एका स्त्रीवर केलेलं प्रेम, पन्नाशीतलं एकटेपण, मनाला ग्रासणारी उदासी. काहीच झाकलं नाही. आयर्लंडमध्ये घटस्फोटाला सार्वमताने निसटता होकार मिळून तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. चारचौघांत न बोलायच्या गोष्टी कुणीतरी छापल्या, म्हणून वाचकांच्या पत्रांचा ओघ लागला.

2008 साली कर्करोग झाल्यावर ती रेडिओवर बोलली. केमोथेरपी नाकारली होती. तिच्या बोलण्यात समजूत घालणारं एक वाक्यही नव्हतं.

पेग सोसते, नुआला कबूल करते. माझ्या उशाशी दोघीही असतात.