पहिला मान कुणाला?

एखाद्या लेखकावर जीव जडला की त्याच्या पुस्तकांची उतरंड लावण्याचा मोह होतो. वरचे कुठले, खालचे कुठले, यावर मित्रमंडळींत वाद रंगतात. बाबू देवकीनंदन खत्री यांच्या बाबतीत हा खेळ मी कितीदा तरी खेळलो आहे. ‘चंद्रकांता’, ‘चंद्रकांता संतती’ आणि ‘भूतनाथ’ ही त्यांची अद्भुतरम्य कादंबऱ्यांची हिंदी मालिका. पण या तिघींचा क्रम लावता लावता लक्षात आले, की प्रश्न केवळ आवडीचा नाही. कुठली मोजपट्टी हाती घ्यायची, हा खरा प्रश्न आहे.

मराठी घरांत ‘चंद्रकांता’ म्हटले की १९९४ मध्ये दूरदर्शनवर सुरू झालेली मालिका आठवते आणि क्रूरसिंगाचे ‘यक्कू’ कानात घुमते. त्या मालिकेने मूळ कथेला पुष्कळ फाटे फोडले. मूळ कथा त्यामानाने साधी आहे. नौगढचा राजपुत्र वीरेंद्रसिंह आणि विजयगढची राजकन्या चंद्रकांता यांचे एकमेकांवर प्रेम आहे. विजयगढच्या दिवाणाचा मुलगा क्रूरसिंह आडवा येतो आणि चुनारच्या शिवदत्ताला चिथावतो. मग दोन्ही बाजूंचे ऐयार कामाला लागतात.

ऐयार म्हणजे राजदरबारी पदरी असलेला बहुरूपी हेर. वेष पालटणे, औषधे ओळखणे, गाणे, धावणे, हत्यार चालवणे, सगळ्यांत तरबेज. खांद्याला बटवा, त्यात बेशुद्ध करण्याची पूड आणि शुद्धीवर आणणारा ‘लखलखा’, शिवाय भिंत चढायला दोराची ‘कमंद’. पलटणी न कापता लढाई निकालात काढणारी ही माणसे, अशी त्यांची ओळख खत्रींनी प्रस्तावनेतच करून दिली आहे. ऐयाराने ऐयाराला ठार मारायचे नाही, पकडला तर कैदेत ठेवायचे, हा त्यांचा रिवाज. चंद्रकांतेची सखी चपला ही तर कुठल्याही पुरुष ऐयाराच्या तोडीची. १८८८ च्या सुमारास लिहिलेल्या कथेत अशी बाई भेटते, याचे मला आजही कौतुक वाटते.

खत्रींचा जन्म १८६१ चा, बिहारातल्या मुझफ्फरपूरकडचा. पुढे ते काशीला आले आणि चकिया व नौगढच्या जंगलांचा ठेका त्यांनी घेतला. दऱ्याखोरी, ओसाड गढ्या, पडके किल्ले त्यांनी पायाखाली घातले. ठेका सुटला आणि पाहिलेले ते जंगल कागदावर उतरले. चुनारचा किल्ला गंगेकाठी आजही उभा आहे आणि विजयगढचे अवशेष सोनभद्र जिल्ह्यात आहेत. कथा कल्पित असली तरी तिचा भूगोल खरा आहे.

तिलिस्म आणि ऐयार या कल्पना त्यांना उर्दू-फारसी दास्तानांच्या परंपरेतून मिळाल्या. लखनौच्या मुन्शी नवलकिशोर छापखान्याने १८८३ पासून ‘तिलिस्मे होशरुबा’चे जाडजूड खंड काढायला सुरुवात केली होती. तिथे तिलिस्म जादूगारांचे असते. खत्रींनी जादूगार काढून टाकले. त्यांचे तिलिस्म म्हणजे कुणा पूर्वजाने खजिना राखण्यासाठी बांधलेली कळसूत्री इमारत. कळ दाबली की दार उघडते, पुतळा हलतो, जमीन सरकते. प्रत्येक चमत्काराचा उलगडा कुठेतरी द्यायचाच, ही शिस्त त्यांची स्वतःची.

आता क्रम. तिसरा क्रमांक ‘भूतनाथ’चा, यात मला कधी शंका आली नाही. सहा भाग लिहून झाले आणि १९१३ मध्ये खत्री गेले. उरलेले काम त्यांचे चिरंजीव दुर्गाप्रसाद यांनी नेटाने पूर्ण केले. तरी दोन हातांचे विणकाम कळतेच.

खरी चुरस पहिल्या दोघींत. बरीच वर्षे मी ‘संतती’ला वरचे पान वाढत आलो. तिचे चोवीस भाग आहेत. वीरेंद्रसिंहाचे दोन मुलगे, जमानियाचे तिलिस्म, तिथली मायाराणी आणि चतुर कमलिनी असा मोठा पसारा आहे. पण तिचा प्राण आहे भूतनाथ. हा ऐयार गुणी आहे आणि अपराधीही. जुनी पापे उघडी पडतील या धास्तीने तो जगतो. चांगले वागावे असे त्याला मनापासून वाटते, पण भूतकाळ त्याची पाठ सोडत नाही. राजपुत्रांपेक्षा हाच माणूस वाचकाच्या मनात घर करतो. निव्वळ कलेची मोजपट्टी लावली तर ‘संतती’ श्रेष्ठ.

मग माझा क्रम बदलला तो आचार्य रामचंद्र शुक्ल यांच्यामुळे. १९२९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या हिंदी साहित्याच्या इतिहासात त्यांनी या कादंबऱ्यांना साहित्याच्या पंक्तीत बसवले नाही. घटनांचा चमत्कार आहे, भाव नाही, असा त्यांचा आक्षेप. पण त्याच ठिकाणी त्यांनी प्रांजळपणे नोंदवले, की खत्रींनी जितके वाचक निर्माण केले तितके दुसऱ्या कुणाही लेखकाने केले नाहीत. केवळ ‘चंद्रकांता’ वाचता यावी म्हणून उर्दू जाणणारे कितीतरी लोक हिंदी शिकले.

त्या काळी उत्तरेत कचेऱ्यांचा कारभार उर्दूत चाले. नागरीला कचेरीत वाव देणारा सरकारी हुकूम निघाला तो १९०० मध्ये. त्याआधी बारा वर्षे एका प्रेमकथेने लोकांना ती अक्षरे गिरवायला लावली होती. खत्रींनी भाषाही जाणून सोपी ठेवली, बाजारात बोलली जाणारी. वाचक सरावला तसतशी ते ती बदलत गेले.

आपल्याकडे हा टप्पा आधी येऊन गेला होता. हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ ची, रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ १८६८ ची. १८८५ मध्ये हरिभाऊ आपटे ‘मधली स्थिती’ घेऊन आले आणि मराठी कादंबरीचे तोंड घराच्या ओसरीकडे वळले. मग आपण त्या जुन्या अद्भुतकथा हसून बाजूला सारल्या. त्या वाचून किती जणांना वाचनाची गोडी लागली असेल, हा हिशेब आपल्या वाङ्मयेतिहासात सहसा मांडला जात नाही.

म्हणून आता माझ्या यादीत ‘चंद्रकांता’ पहिली, ‘संतती’ दुसरी, ‘भूतनाथ’ तिसरा. ‘संतती’ सरस आहे हे मी आजही मान्य करीन. पण तिचे चोवीस भाग वाचायला जो वाचक लागत होता, तो ‘चंद्रकांते’ने आधी घडवून ठेवला होता.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)