आईची वाकळ

आमच्या माण तालुक्यात गोधडीला वाकळ म्हणतात. पुण्यात राहून मीही गोधडी म्हणायला शिकले, पण थंडीत अंगावर ओढली की तोंडात येते ती वाकळच. हल्ली दुकानांतून नव्या कापडाच्या, मशिनवर शिवलेल्या गोधड्या मिळतात. दिसतात छान. पण नवं कापड वाकळीला घालणं आईला निव्वळ येडेपणा वाटला असता. लुगडं आधी सणाला, मग रोजला, मग रानात. विरलं की फाडून, दंड घालून पुन्हा नेसायचं. तेही सरलं की धडपा, मग बाळाचं दुपटं, आणि शेवटी वाकळीचं पोट.

सुगी सरली की आई अंगणात वाकळ अंथरायची. चारी कोपऱ्यांवर दगड, आणि कडेपासून धावदोरा घालत घालत मधे यायचं. वाकळ जुनी झाली तरी टाकायची नाही, वरून आणखी एक जुनेर चढवायचं. त्यामुळं ती दरवर्षी जड होत गेली. लहानपणी तिच्याखाली कूस बदलायचीसुद्धा पंचाईत.

दोन वर्षांमागं माझ्या लेकीला दिवस गेले, तेव्हा आक्का म्हणाली, आईच्या लुगड्याचं दुपटं करू. पण आई जाऊन बरीच वर्षं झालेली, लुगडी कधीच वाटली गेलेली. राहिली होती ती वाकळ. लेक म्हणाली, "आजीची आठवण आहे, कापू नका, तशीच ठेवा."

"ठिवून काय उंदरास्नी घालायची?" आक्का म्हणाली, आणि तिनं टाके उसवायला घेतले.

सगळ्यात वर नायलॉनचं पातळ निघालं. माझ्या पहिल्या पगारातलं, आईनं ते फारसं नेसलंच नव्हतं. त्याच्याखाली वडलांची धोतरं, एकावर एक. आणि त्या धोतरांच्या खाली मांजरपाटाचे तुकडे. वडील परळला गिरणीत होते. गावी येताना असे तुकडे आणायचे. 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, त्यात आमचे वडीलही. संप मिटला असं कुणी कधी सांगितलंच नाही. वडील ट्रंक घेऊन गावी आले ते आलेच. त्या वर्षानंतरच्या थरात मांजरपाटाचा एक तुकडा नाही. मी शाळेत इतिहास शिकवला, पण संप असा हातात धरून कधी पाहिला नव्हता.

सगळ्यात आत, पोटात, जांभळं रेशीम होतं.

आक्कानं हात मागं घेतला. तो आईचा लग्नातला शालू होता. 1972 च्या दुष्काळात तो घरातून नाहीसा झाला. मी तेव्हा अकरा वर्षांची. विहिरी आटलेल्या, आई खडी फोडायला जायची, आम्ही शाळेत सुकडी खायचो आणि घरी लाल मिलोच्या भाकरी. वडलांची मनिऑर्डर यायची, पण खाणारी तोंडं दहा. शालू कुठं गेला विचारलं की आई म्हणायची, "गेला." एवढंच. आम्ही पोरींनी ठरवून टाकलं की चुलतीनं घेतला. तिच्या माहेरी नेऊन दिला, असंही आक्का कुणाकुणाला सांगायची. पुढं वाटणी झाली, बोलणं तुटलं. चुलती गेली तेव्हा आक्का मातीला गेली, पण घरात पाणीसुद्धा प्यायली नाही.

रेशमाला काठ नव्हते. पदरही नव्हता. फाटलेलं नव्हे, कात्रीनं सरळ कापलेलं. मग मला आठवलं, त्या साली जर विकत घेणारे गावात यायचे. एक जण आमच्याच अंगणात तराजू घेऊन बसलेला मी पाहिला होता. जरीकाठ जाळून राखेतली चांदी काढायचे ते. आईनं काठ विकले, ज्वारी आणली असणार, आणि उरलेलं रेशीम दुष्काळ सरल्यावर शिवलेल्या या वाकळीत दडवलं. लग्नाचा शालू मोडला हे कुणाला कळू नये, इतकंच तिला हवं होतं. आम्ही चुलतीला नावं ठेवतोय हे तिला ठाऊक होतं का? असावं. हा एक राग माझा आईवर अजून आहे.

रेशीम घडीवर चिरलं होतं, तरी दोन दुपट्यांपुरतं धड निघालं. आत धोतराचं मऊ कापड घालून आक्कानं ती हातानं शिवली. डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, टाके वाकडेतिकडे आले. एक माझ्या नातवाला. दुसरं पिशवीत घालून ती चुलतभावाच्या घरी गेली, त्याच्या सुनेला नुकतीच मुलगी झाली होती. मी सोबत होते. सुनेनं दुपटं उलटंपालटं करून पाहिलं.

"रेशमाचं हाय की आत्या. पर ह्याला काठ कसा न्हाई?"

"हुता," आक्का म्हणाली. मग तिनं पाणी मागितलं, आणि चहाही घेतला.