घरगुती राउटर : स्थानिक जाळ्याची मांडणी

स्थानिक जाळ्याची मांडणी म्हणजे घरातील मोबाइल, टीव्ही, प्रिंटर, कॅमेरे ही साधने एकमेकांशी व इंटरनेटशी जोडणाऱ्या राउटरमध्ये त्यांचे पत्ते ठरविण्याचे काम. या मांडणीचे पान राउटरच्या आतच असते; इंटरनेट बंद असले तरी ते उघडते.

घरासाठीचे खासगी पत्ते फेब्रुवारी १९९६ च्या ‘आरएफसी १९१८’ या दस्तऐवजाने राखून ठेवले. ते सार्वजनिक इंटरनेटवर चालत नाहीत, म्हणून धाराशिव जिल्ह्यातील भूम व उमरगा येथील राउटरचा पत्ता एकच, १९२.१६८.१.१, असला तरी बिघडत नाही. जिओ फायबरच्या राउटरचा पत्ता बहुधा १९२.१६८.२९.१ असतो. मांडणीचे पान उघडण्यासाठी ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता इंग्रजी आकड्यांत टाकावा. लॉगिनचा तपशील बहुधा राउटरखालच्या स्टिकरवर असतो. तेथला मूळ पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा. सबनेट मास्क, म्हणजे जाळ्याचा आवाका ठरविणारा आकडा, २५५.२५५.२५५.० असल्यास २५४ पत्ते मिळतात. घराला तेवढे पुष्कळ.

धाराशिव जिल्ह्यात खरी अडचण रेंजची येते. जुन्या वाड्यांच्या दगडमातीच्या जाड भिंतींतून वायफाय, त्यातही ५ गिगाहर्ट्झचे, नीट जात नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर लोहारा-उमरगा भागात वसलेल्या पुनर्वसित गावांत घरे सुटी व आवारे मोकळी आहेत. तेथे गोठ्यातल्या कॅमेऱ्यापर्यंत रेंज न्यावी लागते. मग दुसरा राउटर येतो आणि गोंधळ सुरू होतो. दोघांचा पत्ता एकच निघाला किंवा दोघेही पत्ते वाटू लागले, की मोबाइलवर वायफाय दिसते पण नेट चालत नाही.

यात कामाचा क्रम महत्त्वाचा. दुसरा राउटर आधी एकटाच संगणकाला केबलने जोडावा आणि त्याचा पत्ता १९२.१६८.१.२ करावा. ‘सेव्ह’ केल्यावर पान अडकल्यासारखे दिसते. पत्ता बदलल्यामुळे असे होते. नवा पत्ता टाकून पुन्हा आत जावे. त्यानंतरच डीएचसीपी, म्हणजे आपोआप पत्ते वाटण्याची सोय, बंद करावी. शेवटी मुख्य राउटरची केबल दुसऱ्याच्या वॅन नव्हे, लॅन पोर्टमध्ये लावावी. पत्ते वाटणारा एकच हवा. मुख्य राउटरचा पत्ता वेगळा असेल, तर दुसऱ्याचा पत्ता त्याच मालिकेतला घ्यावा.

लाइट जाऊन आली की पुष्कळ राउटर आधीचे वाटप विसरतात आणि कॅमेऱ्यांच्या डीव्हीआरला किंवा प्रिंटरला भलताच पत्ता मिळतो; काल दिसणारे चित्र आज दिसत नाही. त्यासाठी ‘अ‍ॅड्रेस रिझर्व्हेशन’मध्ये त्या साधनाचा मॅक पत्ता, म्हणजे त्याचा ओळखक्रमांक, नोंदवून कायमचा पत्ता द्यावा. वाटपाची मर्यादा १०० ते १९९ ठेवली, तर २ ते ९९ हे आकडे हाताने दिलेल्या पत्त्यांसाठी मोकळे राहतात.

रिसेटचे बारीक बटण टाचणीने दाबून धरणे हा शेवटचा उपाय. त्याने घरातल्या मांडणीबरोबर कंपनीने भरलेला जोडणीचा तपशीलही पुसला जाऊ शकतो. मग लाइनमन येईपर्यंत नेट बंद राहते, म्हणून सर्व पानांचे फोटो आधी काढून ठेवावेत.