दारावरचं तोरण आणि दहा बाय बाराचा हॉल

आपल्या सोसायटीला पंचवीस वर्षं झाली. स्मरणिकेत कोणी पाण्याच्या टाकीवर लिहितंय, कोणी गणेशोत्सवावर. सेक्रेटरी साहेब मला म्हणाले, "काकू, तुम्ही जन्मभर कॉलेजात गृह अर्थशास्त्र शिकवलं. तुम्ही आपलं फुलांवर लिहा." मी म्हटलं, लिहीन, पण घरासकट लिहीन. फुलं मांडणं आणि घर मांडणं या मला दोन वेगळ्या कला वाटत नाहीत. एकच आहे. आणि ती आपल्याकडे कुठून कुठून फिरून आली, ही गोष्ट सांगण्यासारखी आहे.

१ मे १९९९ ला भंडाऱ्यातून वेगळा होऊन आपला गोंदिया जिल्हा झाला. त्याच सुमारास आपण इथे राहायला आलो. सगळ्यांचे हॉल सारखेच, दहा बाय बारा. आणि खरं सांगायचं तर सगळ्यांची सजावटही सारखीच. भिंतभर शोकेस, त्यात टीव्ही, बाहुल्या, कपबश्या, मुलांचे कप, आणि वर प्लॅस्टिकचे गुलाब. माझ्याकडे तर तीन फुलदाण्या होत्या, तिन्ही प्लॅस्टिकच्या फुलांनी भरलेल्या. सकाळी कॉलेजात मुलींना पुष्परचनेची तत्त्वं शिकवायची आणि संध्याकाळी घरी येऊन त्या धुळीच्या गुलाबांवर फडका मारायचा, असं चाललं होतं. सासूबाई खेड्यातून पहिल्यांदा राहायला आल्या, दारातच थांबल्या आणि म्हणाल्या, "काऊन वं, हे घर व्हय का दुकान?"

तेव्हा राग आला होता. आता वाटतं, जे मी वर्गात तासभर बोलून सांगत होते, ते त्यांनी एका वाक्यात सांगितलं.

फुलांनी घर सजवण्याची आपली परंपरा किती जुनी? वात्स्यायनाच्या कामसूत्रात चौसष्ट कलांची यादी आहे. ग्रंथाचं नाव ऐकून कोणी दचकू नये, त्यात त्या काळच्या शहरी घराचं फार चांगलं वर्णन आहे. त्या चौसष्ट कलांत माळा गुंफणं आहे, फुलांची अंथरणी करणं आहे, आणि तांदूळ व फुलं मांडून नक्षी काढणं ही स्वतंत्र कला आहे. तांदूळ आणि फुलं! धानाच्या आपल्या जिल्ह्यातल्या बायांना ही कला कोणी वेगळी शिकवायला नको. त्याच ग्रंथात शहरातल्या रसिक माणसाच्या खोलीत काय काय असावं तेही दिलंय. पलंग, खुंटीला टांगलेली वीणा, चित्राचा फलक, रंगाच्या कुंचल्यांची पेटी, एखादं पुस्तक आणि कुरंटकाच्या, म्हणजे आपल्या कोरांटीच्या फुलांच्या माळा. यादी मोठी नाही. प्रत्येक वस्तू वापरायची आहे, आणि शोभेला म्हणून काय, तर फुलं.

पाचव्या शतकातल्या अजिंठ्याला गेलात तर भिंतीवरची चित्रं पाहून झाल्यावर मान वर करून छताकडेही बघा. एक आणि दोन नंबरच्या लेण्यांत छताचे चौकोन पाडलेत आणि त्या चौकोनांत फुलं, फळं, कमळं, पक्षी रंगवलेत. वर जणू फुलांचा चांदवा ताणलाय. पुढे बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य घराण्यातल्या सोमेश्वर राजाने 'मानसोल्लास' हा ग्रंथ लिहिला. त्यात राजाचे वीस उपभोग सांगितलेत. त्या विसांत घर आहे आणि फुलांच्या माळाही आहेत.

ही झाली राजांची आणि रसिकांची गोष्ट. आमच्या गावाकडची सपरी यांच्या मागे नव्हती. पोळ्याला दारात पळसाचे मेढे आणि बैलांसाठी आंब्याच्या पानांचं तोरण. महालक्ष्म्यांच्या वर टांगायचा तो फुलोरा. तो करंज्या-पापड्यांचा असतो, पण नाव मात्र फुलांचं. धान निघालं की माझ्या माहेरी नव्या लोंब्यांची जुडी विणून दारावर लावायचे, चिमण्या येऊन दाणे टिपायच्या. शेजारच्या छत्तीसगडात अशा लोंब्यांच्या झालरी फार देखण्या करतात. यांतलं काहीच वर्षभर टांगून ठेवायचं नसे. ऋतू आला की लावायचं, वाळलं की काढायचं. घर दर दोन महिन्यांनी नवं दिसायचं, तेही एक पैसा खर्च न करता.

आता जरा लांब, जपानला जाऊ. सहाव्या शतकात बौद्ध धर्म जपानात पोचला आणि त्याबरोबर बुद्धापुढे फुलं वाहण्याची रीत गेली. ती रीत मूळ आपल्याच देशातली. आपल्या सोसायटीतही काही घरांत रोज बुद्धवंदनेला फुलं वाहतात. जपानी लोकांनी त्या फुलं वाहण्यातूनच एक शास्त्र उभं केलं. क्योटोतल्या रोक्काकुदो मंदिराचे पुजारी तळ्याकाठच्या कुटीत राहत, आणि 'तळ्याकाठची कुटी' असाच अर्थ असलेलं 'इकेनोबो' हे नाव त्यांच्या घराण्याला मिळालं. १४६२ साली याच परंपरेतल्या सेन्केई नावाच्या पुजाऱ्याने केलेल्या पुष्परचना बघायला लोक जमले होते, अशी नोंद सापडते. या कलेला आज आपण इकेबाना म्हणतो. जपानी घरात भिंतीला एक खोलगट कोनाडा असतो. त्यात एक चित्र आणि त्याखाली एक पुष्परचना, बस. बाकी भिंत मोकळी. आपल्या जुन्या घरांतही भिंतीत देवळी असायची आणि तिच्यात एक दिवा. नव्या फ्लॅटमध्ये देवळी गेली आणि तिच्या जागी शोकेस आलं. एका दिव्याच्या जागी चाळीस वस्तू आल्या.

१९५६ मध्ये टोकियोत इकेबाना इंटरनॅशनल ही संस्था निघाली. पुढच्या काळात ही कला जगभर पसरली आणि आपल्याकडेही मोठ्या शहरांतल्या महिलांच्या वर्गांत आली. पुण्याच्या एम्प्रेस गार्डनच्या पुष्पप्रदर्शनात गर्दी होते ती फुलांच्या जातींपुढे, तशीच रचनांपुढेही. इकडे विदर्भात ही गोष्ट जास्त करून गृह अर्थशास्त्राच्या पुस्तकांतून आली. प्रमाण, तोल, लय, आकर्षणबिंदू आणि सुसंवाद ही पाच तत्त्वं आमच्या मुलींनी परीक्षेसाठी पाठ केली. म्हणजे आपल्याकडून बुद्धाबरोबर गेलेलं फूल जपान फिरून, पुस्तकात बसून परत आपल्याच दारात आलं. पण दारावरच्या तोरणात ही पाचही तत्त्वं आधीपासून आहेत, हे मला शिकवतानाही नीट दिसलं नव्हतं. पान, पान, फूल, पान, पान, फूल ही लय. मधोमध एक मोठा झेंडू हा आकर्षणबिंदू. दोन्ही टोकं सारखी हा तोल. चौकटीच्या मापाची लांबी हे प्रमाण. हिरव्याशी शोभणारा पिवळा हा सुसंवाद.

मला ते दिसलं २५ मार्च २०२० ला. लॉकडाऊनचा पहिला दिवस, आणि त्याच दिवशी गुढीपाडवा. बाजार बंद. ना झेंडू, ना साखरगाठी. तुम्हाला आठवत असेल, आवारातल्या आंब्याची पानं आणि कडुलिंबाच्या डहाळ्या वॉचमन भाऊंनी प्रत्येक जिन्याच्या पायथ्याशी ठेवल्या होत्या. ज्याने त्याने खाली येऊन आपापली जुडी न्यायची. मागच्या धुऱ्यावर पळस फुलला होता, त्याच्याही चार फांद्या कोणीतरी ठेवल्या. त्या दिवशी प्रत्येक दारावर एकाच झाडाचं तोरण होतं. मी एक पळसाची फांदी पितळेच्या तांब्यात उभी केली. ती फांदी हॉलमध्ये कुठेच शोभेना. जिकडे ठेवावी तिकडे मागे शोकेसमधली गर्दी. शेवटी मी शोकेस रिकामं केलं. दुपारभर तेच काम केलं. मग त्या मोकळ्या भिंतीपुढे ती एक केशरी फांदी ठेवली आणि आमचे हे म्हणाले, "हॉल मोठा झाला का गं?"

पुढच्या पाडव्याला आपल्या काही दारांवर तोरण लागलं नाही. का ते आपल्याला ठाऊक आहे. जिना चढताना ती कोरी चौकट दिसली की पाय थांबायचे. दारावरचं तोरण म्हणजे नुसती शोभा नव्हे, आत सगळे ठीक आहेत असं ते शेजाऱ्याला सांगत असतं, हे मला त्या वर्षी कळलं.

नव्या सुनांसाठी, फुलदाणीचे नियम घराला कसे लावायचे ते थोडक्यात सांगते. रचनेची उंची साधारण पात्राच्या दीडपट ठेवतात, त्याहून उंच केली तर ती डोलते. तसंच छोट्या हॉलमध्ये छताला टेकणारं भलंमोठं कपाट घेऊ नका. दिवाणावर फोटो लावायचा तर दिवाणाच्या लांबीच्या साधारण दोन तृतीयांश जागेत बसेल असा लावा. इकेबानात तीन मुख्य रेषा असतात, एक उंच, एक मधली, एक ठेंगणी. खोलीतही तशाच तीन उंच्या ठेवा. एका कोपऱ्यात उंच दिवा किंवा झाड, मध्ये टेबल, खाली बैठक. सगळं एकाच उंचीचं असलं की खोली शाळेच्या वर्गासारखी दिसते. रंग फार तर तीन, एक जास्त, एक थोडा आणि एक चिमूटभर. लक्ष वेधणारी जागा एका खोलीत एकच. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, दोन फुलांमध्ये मोकळी जागा सोडतो तशी दोन वस्तूंमध्ये सोडा. ती रिकामी जागासुद्धा रचनेचाच भाग आहे. २०१८ मध्ये राज्यात प्लॅस्टिक-थर्माकोलवर बंदी आली, तेव्हा गणपतीचं मखर कसं करायचं म्हणून आपण किती काळजीत होतो! पण त्या वर्षी केळीचे खांब आणि शेवंतीचं जे मखर झालं, त्याची आठवण अजून निघते.

आता शेवटचं, आणि हे जरा अवघड आहे. आवारातला आंबा काढून तिथे पार्किंग करावं, असा विषय येत्या सभेपुढे आहे. गाड्या वाढल्या हे खरं. आमच्याकडेही एक आहे आणि तिलाही जागा नाही, म्हणून मी कोणाला दोष देत नाही. झाड काढलं तर दोन गाड्यांची सोय होईल, असं म्हणतात. निर्णय सभेचा आहे आणि तो मला मान्य राहील. पण मत देण्याआधी २०२० चा पाडवा आठवा. बाजार बंद असताना आपल्या सगळ्या दारांना पुरून उरलं, ते हे एक झाड. गाड्या भिंतीलगत तिरप्या लावल्या तर जागा निघते का, हे एकदा खडूने आखून बघू. प्रमाण आणि मोकळ्या जागेचं गणित तिथेही चालतं. आणि कुंपणालगत कोरांटी लावू. वात्स्यायनाच्या काळापासून घर सजवणारं फूल आहे ते, त्याचे लाड करावे लागत नाहीत.

झाड राहिलं तर येत्या पाडव्याच्या आदल्या संध्याकाळी पाच वाजता सगळे आंब्याखाली या. लहान मुलांना नक्की आणा. सुई आणि सुतळी मी आणते.