एका घराचे निरोप

महोत्सवाच्या अंकात सामान्यतः आगमनाचा इतिहास लिहिला जातो. पहिले धर्मगुरू कोणत्या वर्षी आले, पहिली मिस्सा कोणाच्या पडवीत झाली, पहिला बाप्तिस्मा कोणास मिळाला, मंदिराची घंटा कोठून आणिली, यांच्या तारखा आपण जपून ठेवितो, आणि ते योग्यच आहे. परंतु जो मनुष्य कोठे येतो तो कोठून तरी निघालेला असतो, आणि त्या निघण्याची नोंद कोणत्याही वहीत नसते. बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत नावाचा, आईबापांचा, धर्मपिता व धर्ममाता यांचा, तारखेचा आणि धर्मगुरूंच्या सहीचा असे रकाने असतात. उंबऱ्यात उभ्या राहिलेल्या आईसाठी, बोलणे टाकलेल्या भावासाठी, किंवा जिच्यात पुन्हा घागर बुडविता येणार नाही त्या विहिरीसाठी तेथे रकाना नाही. आजीपणजीच्या तोंडून अशा गोष्टी आपल्यापैकी पुष्कळांनी ऐकल्या असतील. लिहिलेल्या मात्र फारच थोड्या सापडतात.

मराठीत एका घराने आपल्या निघण्याचा हिशेब पुरता लिहून ठेविला आहे. ते घर रेव्हरंड नारायण वामन टिळक व त्यांची पत्नी लक्ष्मीबाई यांचे. हे कुटुंब आपल्या कॅथलिक ख्रिस्तसभेतले नव्हे. ते अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळीतले होते. तथापि टिळकांची भजने आज मराठी कॅथलिक मंदिरांतही गाइली जातात, आणि ज्याच्या ओळी आपण वेदीपुढे गातो त्याच्या घराची हकीकत परकी मानण्याचे कारण नाही. शिवाय या हकीकतीचा पहिला दोर आपल्या मुलखातूनच गेलेला आहे.

देवरीहून पूर्वेकडे निघालेला मोठा रस्ता बाघ नदी ओलांडून छत्तीसगडात शिरतो आणि पुढे राजनांदगावास जातो. हल्ली या रस्त्याने मालमोटारी रात्रंदिवस धावतात. उत्तरेस आमगाव लागते. तेथून आगगाडी सालेकसा, दरेकसा, डोंगरगड अशी डोंगर कापीत त्याच राजनांदगावास पोहोचते. आज हा गोंदिया जिल्हा आहे. १९९९ सालच्या मे महिन्यापूर्वी तो भंडारा जिल्ह्यात मोडत असे. टिळकांच्या वेळी हा सर्व मुलूख मध्यप्रांतात होता, पूर्वेचा भाग जमीनदाऱ्यांचा, आणि पलीकडे राजनांदगावचे संस्थान, जेथे राजा बलरामदास गादीवर होते. १८९३ साली नागपुराहून त्या संस्थानाकडे नोकरीसाठी निघालेल्या टिळकांची गाडीत एका युरोपियन गृहस्थाशी गाठ पडली. दोघांचे काव्याविषयी व धर्माविषयी बोलणे झाले. उतरताना त्या गृहस्थाने त्यांस नव्या कराराचे पुस्तक दिले आणि दोन वर्षांच्या आत आपण ख्रिस्ती व्हाल असे भाकीत केले. आमगाव-सालेकशाच्या झाडीतून धावणाऱ्या एका डब्यात नाशकाच्या एका संसाराची वाट फिरली, आणि त्या संसाराच्या धनिणीस त्याची वार्ताही नव्हती!

टिळकांचा जन्म १८६१ साली रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावी झाला. नाशकास गणेशशास्त्री लेले यांच्यापाशी त्यांनी संस्कृताचे अध्ययन केले. पुढे नागपुरास आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने त्यांनी ‘ऋषी’ नावाचे मासिक चालविले. बुद्धी तीव्र, स्वभाव उदार, परंतु पायाला भिंगरी. मराठी घरात ‘जातो’ असे म्हणत नाहीत. निघताना ‘येतो’ म्हणावयाची रीत आहे. टिळक पुष्कळदा तेवढेही न म्हणता घर सोडीत. आठ-आठ, पंधरा-पंधरा दिवस पत्ता नसे, आणि मग एके दिवशी काहीच घडले नाही अशा मुद्रेने दारात उभे राहत. त्यांच्या चरित्रकारांस यात ईश्वरशोधाची तळमळ दिसते, आणि ती होतीच. परंतु चूल ज्या घरात पेटावयाची होती त्या घरच्या बाईस त्या तळमळीचा दुसरा अर्थ दिसत असे. आम्हांस दोन्ही अर्थ खरे वाटतात.

लक्ष्मीबाईंचे माहेर नाशकाजवळील जलालपूरचे. जन्म १८६८ चा, माहेरचे नाव मनकर्णिका गोखले. वडिलांच्या डोक्यात सोवळ्याचे असे काही वेड भरले होते की बाजारातून आलेली जिन्नस धुतल्यावाचून घरात येत नसे, आणि त्या पायी सारे घर बेजार होई. ही मनू अकराव्या वर्षी टिळकांच्या घरी लक्ष्मी झाली. शाळेचे तोंड तिने पाहिले नव्हते. अक्षरे तिला पतीने शिकविली. मुले झाली, गेलीही. १८९१ साली देवदत्त जन्मला, घरचा दत्तू. गावे बदलत होती, भांडी बांधली जात होती, सोडली जात होती. शेजारणीशी ओळख मुरते न मुरते तोच पुन्हा निघावयाचे. एका ठिकाणी पाय ठरला नाही, हे वाक्य पुरुषाच्या चरित्रात एका ओळीत आटोपते. बाईच्या वाट्याला त्यातली प्रत्येक ओसरी वेगळी सोडावी लागते.

१८९५ सालच्या फेब्रुवारीच्या १० तारखेस टिळकांनी मुंबईस बाप्तिस्मा घेतला. त्यापूर्वी मिशनचे डॉक्टर जस्टिन ॲबट यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार चालला होता. पत्नीचे वय त्या वेळी सव्वीस, दत्तू जेमतेम चार वर्षांचा. ती दूर नातलगांत होती, आणि वार्ता तिला मागाहून कळली. जमलेली माणसे घरात मृत्यू झाल्याप्रमाणे सांत्वनास येऊ लागली. ही जागा आम्हांस सर्व हकीकतीत बिकट वाटते. पती मेला असता तर शास्त्राने तिला एक स्थान दिले असते. तो जिवंत होता, पत्रे लिहीत होता, तिच्यावर त्याचे प्रेम होते, आणि तरीही जातीच्या हिशेबी तो नाहीसा झाला होता. कुंकू लावावे तर कोणाच्या नावाने, आणि पुसावे तर कोणाच्या?

येथे कायद्याची एक गोष्ट सांगितली पाहिजे. १८५० च्या कायद्याने धर्मांतर केलेल्या मनुष्याचा वारसाहक्क राखला होता, आणि १८६६ च्या एकविसाव्या कायद्याने त्यास आणखी एक वाट दिली होती. धर्मांतराच्या कारणाने पतीने वा पत्नीने सहा महिने सहवास सोडला, तर ख्रिस्ती झालेल्या पक्षाने न्यायालयात अर्ज करावा. न्यायालयाने वर्षभर वाट पाहावी. तरीही समेट न झाला तर विवाह मोडावा. म्हणजे टिळकांस पुन्हा संसार मांडण्यास कायद्याची आडकाठी फार दिवस राहिली नसती. त्यांनी ती वाट धरिली नाही. पाच वर्षे ते थांबले. पत्नीवर धर्माची सक्ती करावयाची नाही आणि तिला सोडावयाचेही नाही, असा त्यांचा निश्चय होता. जन्मभर न सांगता निघून जाणारा हा पुरुष या एका ठिकाणी मात्र जागचा हलला नाही, हे त्यांच्या कवितेइतकेच आमच्या लेखी मोलाचे आहे.

लक्ष्मीबाईंनी ती पाच वर्षे नातलगांच्या आश्रयाने काढिली. काही काळ पंढरपुरासही. पुढे त्या अहमदनगरास (हल्लीचे अहिल्यानगर) पतीजवळ गेल्या, तेव्हाही स्वयंपाक निराळा, पाणी निराळे, अशी त्यांची अट होती. एका छपराखाली दोन धर्म आणि दोन चुली. एके दिवशी उठून त्यांनी जुने सर्व टाकिले असे झाले नाही. ज्या सोवळ्याने वडिलांचे घर ग्रासिले होते, तेच सोवळे त्यांच्या हाताला चिकटलेले होते, आणि ते बोटाबोटाने सुटले. प्रथम जातिभेद देवाने केला की माणसाने, असा प्रश्न मनात आला. मग कोणाच्या हातचे पाणी घ्यावे हा प्रश्न पडेनासा झाला. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० साली, मुलासह. पतीने क्षणात ओलांडिलेली नदी त्यांनी एकेक धोंडा चाचपीत पार केली. नोंदवहीत दोघांस एकेकच तारीख मिळाली.

निरोपाचा विषय निघाला म्हणून आपल्याच ख्रिस्तसभेतील एका पुरुषाची आठवण होते. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ च्या एप्रिलात लिस्बनहून निघाले व ऑक्टोबरात गोव्यास उतरले. त्यांनी बापास लिहिलेले त्या प्रवासाचे पत्र आजही उपलब्ध आहे. पुढे चाळीस वर्षे ते इकडेच राहिले, इकडची भाषा त्यांनी आपली केली, आणि १६१६ साली त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ छापून निघाले. मायदेश त्यांस पुन्हा दिसला नाही. परंतु सात समुद्र ओलांडून गेलेल्याचा वियोग आणि एका कोसावरच्या माहेराचे दार बंद झाल्याचा वियोग, यांत अंतर आहे. पहिल्यात वाट लांब असते. दुसऱ्यात वाट समोर दिसत असून चालता येत नाही.

नगरचे दिवस बहुधा त्या घराचे सर्वांत भरलेले दिवस होत. टिळक मिशनच्या धर्मशिक्षणशाळेत शिकवीत. १९०४ साली त्यांस पाळकाची दीक्षा मिळाली, १९१२ पासून ‘ज्ञानोदया’चा मराठी विभाग त्यांनी सांभाळिला. फुलांमुलांचा कवी म्हणून त्यांची कीर्ती ख्रिस्ती मंडळीबाहेर महाराष्ट्रभर पसरली. ताराबाई ही मानलेली मुलगी घरात वाढत होती. आणि येथेच एक पोरगेलासा कवी येऊन राहिला. त्र्यंबक बापूजी ठोमरे त्याचे नाव. लोक त्यास बालकवी म्हणून ओळखतात. तो ब्राह्मणाचा मुलगा, शेवटपर्यंत हिंदूच राहिला. लक्ष्मीबाईंच्या घरी त्याचे रुसणे, जेवणे, भांडणे पोटच्या मुलाप्रमाणे चाले. ज्या बाईने एकदा ख्रिस्ती पतीच्या घरात आपली चूल निराळी मांडिली होती, तिच्या पंक्तीस आता दुसऱ्या धर्माचा मुलगा निःशंक बसत होता. १९१८ च्या मे महिन्याच्या ५ तारखेस जळगावाजवळ भादली स्थानकापाशी आगगाडीखाली सापडून तो गेला. वय अठ्ठावीसही पुरे नव्हते. या घराचा दोर एका आगगाडीत सुरू झाला होता. दुसऱ्या आगगाडीने त्यांचे एक मूल नेले.

त्याच्या आधीच, १९१७ साली, टिळकांनी आणखी एक निरोप घेतला होता. बावीस वर्षे ज्या मिशनच्या आधाराने संसार चालला त्याची पगारी सेवा त्यांनी सोडिली. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले अशा सर्व ख्रिस्तभक्तांचा एक बंधुसंघ त्यांस उभारावयाचा होता. त्यास त्यांनी ‘देवाचा दरबार’ हे नाव दिले व बिऱ्हाड साताऱ्यास हलविले. या विचाराविषयी मतभेद होते व आहेत. कॅथलिक वाचकास बाप्तिस्म्यावाचूनची मंडळी ही कल्पना पटण्यासारखी नाही, आणि ते येथे स्पष्ट लिहिणे बरे. परंतु पन्नाशीला टेकलेल्या बाईने निश्चित मिळकत सोडून पुन्हा एकदा भांडी बांधिली, हे इतिहासाच्या बाजूने नोंदले पाहिजे. या खेपेस ती मागे राहिली नाही, बरोबर गेली.

दरबार उभा राहण्यास वेळ मिळाला नाही. १९१९ च्या मे महिन्याच्या ९ तारखेस टिळक मुंबईस वारले. बालकवीस जाऊन एक वर्ष आणि चार दिवस झाले होते.

मागे राहिलेल्या लक्ष्मीबाईंनी मुंबईस मुलींच्या वसतिगृहात काम केले, काही काळ मुलाच्या संसाराबरोबर त्या कराचीस राहिल्या, अखेर नाशकास परतल्या. दत्तूस बापाचे चरित्र लिहावयाचे होते. त्याच्यासाठी म्हणून त्या आठवणी लिहू लागल्या. त्यातून ‘स्मृतिचित्रे’ हा ग्रंथ झाला. १९३४ पासून तो भागाभागाने निघाला. त्यात रडगाणे नाही. ज्या प्रसंगावर दुसऱ्याने पानभर विलाप केला असता तेथे ही बाई स्वतःस हसते आणि पुढे जाते. शाळा न पाहिलेल्या हाताचे हे पुस्तक आज मराठी गद्याच्या पहिल्या पंक्तीत बसविले जाते. आमची विनंती एवढीच, की वाचनालयात ते नसेल तर मागवावे, आणि घरातल्या वृद्ध बायांस मोठ्याने वाचून दाखवावे. त्या मध्येच थांबवून आपले काही सांगू लागतील, ते लिहून घ्यावे.

लक्ष्मीबाई १९३६ च्या फेब्रुवारीच्या २४ तारखेस नाशकास वारल्या. त्यांच्या हातून एक काम पुरे व्हावयाचे राहिले होते. टिळकांनी १९०९ साली प्रभू येशूचे चरित्र ओव्यांत रचावयास घेतले होते, त्याचे नाव ‘ख्रिस्तायन’. थोडे अध्याय झाले आणि ते गेले. पुढचे बहुतेक सर्व अध्याय लक्ष्मीबाईंनी रचिले, आणि शेवटचा तेवढा उरला. तो देवदत्ताने लिहिला, आणि १९३८ साली ग्रंथ प्रसिद्ध झाला.